मशेरीची डबी

“सासूबाईंच्या गालात पांढरा चट्टा आहे, तपासून घ्या,” असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शिवांजलीला आठवा महिना होता. “मशेरीचा डाग असेल,” म्हणत तिनं ते कानाआड केलं. तेही विज्ञानाची पदवी घेतलेल्या सुनेनं!

लेक वर्षाची झाली आणि विजयमालाआत्यांना, म्हणजे सासूबाईंना, ठेचा झोंबायला लागला. मग मात्र शिवांजलीनं सासूला आष्ट्याहून थेट सांगलीला नेलं. चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टला आठ दिवस होते आणि शिवांजली एकेक दिवस मोजत होती.

“एवढ्याशा मशेरीनं काय हुतंय गं?” आत्यांनी विचारलं.

“आत्या, पेशीची वाढ आवरणारी जनुकं असतात. मशेरीतल्या जळक्या तंबाखूनं त्यांच्यावर खुणा चिकटतात. मग जनुक धड असूनही पेशीला वाचता येत नाही, ते गप्प बसतं.”

“म्हंजी मोटार बंद करायचं बटण चांगलं हाय, पर त्यावर चिखल लिंपलाय. पाणी काय थांबंना, ऊस बुडाला!”

शिवांजलीला त्या काळजीतही हसू फुटलं. कॉलेजात सरांनासुद्धा हे इतकं सोपं करता आलं नव्हतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता! पेशी नुसत्या बिथरायला लागल्या होत्या. मशेरी कायमची सोडायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

घरी येताच आत्यांनी डबी उकिरड्यावर रिकामी केली, राखेनं घासली, चार हरभरे घातले आणि नातीच्या हातात दिली. शिवांजलीनं आधी झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. आता दिवसभर घरात खुळखुळा वाजतोय.

तुमच्या घरात कुणी मशेरी लावतं का? मग आजच त्यांना उजेडात बसवा, आ करायला लावा आणि गालाच्या आत एकदा नीट बघा.