आधीचं बरं की आताचं

शेगडीचं बटण काढायला पाना लागत नाही. धरून सरळ ओढलं की हातात येतं.

तळमजल्यावरच्या घराला जिना नसतो.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोटं बोलतं. दोन भिंगं आलटूनपालटून डोळ्यांपुढे धरायची आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" चार-पाच वेळा विचारलं की गिऱ्हाईक कंटाळून म्हणतं, "आताचं." त्याला नीट दिसायला नको असतं, सुटका हवी असते.

बूटपॉलिशचा वास शेंबड्या पोरालाही ओळखता येतो.

ताप उतरला की घरचे म्हणतात, सुटली बाई एकदाची.

*

ती सुटली नव्हती. हिवाळ्यातला ताप गेला, तो जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. तोंडात फक्त गरम आणि गार उरलं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती: तिला आणि तिच्या नवऱ्याला. नवरा म्हणजे चष्मेवाला. दुकान विकून घरी बसलेला.

"कुणाकडे बोलायचं नाही हं," तिने त्याला बजावलं होतं. "तुमच्या लेकाकडे तर मुळीच नाही. उद्या येऊन माझी चूल बंद करेल."

मग तिनेच युक्ती काढली. मीठ घालण्याआधी एक चमचा बाजूला काढायचा, घातल्यावर दुसरा. दोन्ही त्याच्यापुढे धरायचे आणि त्याचाच प्रश्न त्याला विचारायचा.

"आधीचं बरं की आताचं?"

पहिले काही दिवस दोघं हसायची. "जन्मभर लोकांना छळलंत, आता भोगा," ती म्हणायची. हिवाळा संपला, उन्हाळा आला. हसणं संपलं, चमचे राहिले. पेपर अर्धा वाचून झाला की, "अहो, जरा या." मालिकेत ऐन भांडण रंगलं की, "अहो, जरा या." न्हाणीघरात अंगाला साबण लावलेला असताना, "अहो!"

जिभेचा हमाल झालोय मी, असं तो स्वतःशी म्हणायचा. आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या हमालाचे गुडघे गेले होते.

मुलगा तळमजल्यावर राहायचा. समोर बाग, बागेत बाकं, बाकांवर पत्ते कुटणारे म्हातारे. कधीतरी मुलगा बोलून गेला होता, "या ना दोघंही. मागची खोली रिकामीच आहे. फक्त आईला आपली चूल सोडवणार नाही."

चष्मेवाल्याने त्यातला 'फक्त' तेवढा धरून ठेवला.

तिला विचारलं तर ती म्हणाली, "तिथे मी कोण? वाढलंय, या जेवायला, असं मला कुणीतरी म्हणायचं आणि मी हात धुऊन बसायचं? नको बाई. या शेगडीपाशी मेले तरी चालेल."

चूल सुटली की घर सुटेल, असा त्याने हिशेब केला. हिशेब सोपा होता.

*

सणाची सकाळ. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलेलं. त्यावर इस्त्री केलेली चादर. खालच्या मजल्यावरच्या नर्सताईकडून मागून आणलेलं मोठं पातेलं, त्यात हाडांचा आणि बटाट्यांचा रस्सा, पहाटेपासून मंद आचेवर. ती खुशीत होती. केस धुतलेले, कानात ठेवणीतल्या कुड्या.

"अहो, जरा या."

तो लगेच आला. तिने दोन चमचे पुढे धरले.

पहिला चमचा त्याने तोंडात घेतला. त्यात मीठ आधीच पडलेलं होतं. नाक नाही, जीभ नाही, नुसत्या हाताच्या सवयीने तिने रस्सा जिथे हवा तिथे आणून ठेवला होता. दुसरा चमचा खारट होता.

"आताचं," तो म्हणाला. "पण अजून पोचलं नाही."

तिने मिठाची मूठ सोडली. ढवळलं. पुन्हा दोन चमचे.

"आताचं. किंचित आणखी."

तिसऱ्या वेळी त्याने चमचा नुसता ओठांना लावला. "आताचं. झकास!"

"तुम्ही आहात म्हणून चाललंय हो," ती म्हणाली आणि हातातल्या फडक्याने त्याच्या मिशीला लागलेला रस्सा पुसला.

*

जेवायला सहा जण. तो आणि ती. मुलगा. सून, जिचा ब्युटी पार्लरचा धंदा. नर्सताई, हिची मैत्रीण. आणि मामा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बस चालवतो आणि बसमध्ये बोलायला बंदी असल्यामुळे बाहेर गप्प बसत नाही.

पहिला चमचा मामाचा.

"ताई," तो म्हणाला, "समुद्र कधीपासून चौथ्या मजल्यावर यायला लागला गं?"

"गप रे. दरवर्षी तुझं काहीतरी असतंच. जेव मुकाट्याने."

मुलाने चमचा बशीत ठेवला. सुनेने तोंडाला रुमाल लावला आणि घास त्यात सोडला. नर्सताईने ग्लासभर पाणी एका दमात संपवलं.

"आई, आधी तुम्ही घ्या ना," सून म्हणाली. अगदी गोड आवाजात.

तिने घेतलं. पाव बुडवून खाल्ला. हाड चोखलं. पाच माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती आणि ते कौतुक आहे असं तिला वाटलं.

"यंदा जमलाय," ती म्हणाली. "मागच्या वर्षी पातळ झाला होता. वाढू का आणखी कुणाला? लाजताय काय, सगळे घरचेच ना?"

कुणीच वाटी पुढे केली नाही. तिने स्वतःलाच पुन्हा वाढून घेतलं.

दुसरी वाटी निम्मी झाल्यावर नर्सताईने तिचं मनगट धरलं. "अगं, नको खाऊ. त्रास होईल. तुला खरंच कळत नाहीये?"

"काय कळत नाहीये?"

मामाला हसू फुटलं. एकदा फुटल्यावर ते आवरेना. मग सून हसली, मग मुलगा. हसता हसता मामा उठला. "ताई, डोळे मीट बघू. एक गंमत."

सणाचा दिवस, कुणाचा हिरमोड कशाला करायचा, म्हणून तिने डोळे मिटले.

मामाने तिच्या नाकाखाली साबणाची वडी धरली.

"लवंग," ती म्हणाली.

सुनेने पर्समधून अत्तराची बाटली काढली.

"वेलदोडा?"

"आई गं!" सून टेबलावर हात आपटून हसली.

मुलगा दारामागून बूटपॉलिशची डबी घेऊन आला. ती बराच वेळ हुंगत राहिली. नाकाच्या शेंड्याला काळा ठिपका लागला. "दालचिनी," ती म्हणाली. "नक्की दालचिनी."

"पुरे आता," नर्सताई म्हणाली.

"एक शेवटचं, नर्सताई, एकच!" आणि मामाने आपला रिकामा तळहात बहिणीच्या नाकापुढे धरला. त्यात काहीच नव्हतं.

तिने खोल श्वास घेतला. सगळ्यांनी आपापला रोखून धरला.

"पाव," ती म्हणाली. "भाजलेला पाव."

*

चष्मेवाला हसला नाही. अक्षरं दिसत नसतानाही तक्ता पाठ म्हणणारी म्हातारी गिऱ्हाइकं त्याने शेकड्यांनी पाहिली होती आणि त्यांनाही तो कधी हसला नव्हता. तो चादरीतून सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होता.

तिने डोळे उघडले. माणसं हसत होती, म्हणजे उत्तर चुकलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, सांगा ना यांना. रस्सा तुम्ही चाखलात. तुम्हीच म्हणालात ना, आताचं बरं म्हणून?"

हसू थांबलं. मुलाने मान वळवली. "बाबा? तुम्ही चव घेतली होती?"

"मी कशाला घेऊ?" चष्मेवाला म्हणाला. "स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवू दिलंय तिने मला?"

तरीही सगळे त्याच्याकडे बघतच होते. म्हणून त्याने आणखी एक वाक्य जोडलं. ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

"हल्ली ती असंच काहीबाही बोलते."

तिचं तोंड 'अहो' म्हणायला उघडलं होतं. ते तसंच मिटलं. त्यानंतर तिने त्याला कधीच 'अहो' म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही.

*

मुलगा स्वयंपाकघरात गेला आणि चार बटणं ओढून बाहेर आला. "गॅस सुटला तर हिला वास येणार आहे का? त्यात हे डोक्याचं नवीन."

"अरे, निदान चहापुरतं एक..."

"आई, तुझ्या भल्यासाठीच." त्याने बटणं कोटाच्या खिशात टाकली.

मग सुनेने आणलेला केकचा खोका उघडला. सण म्हटल्यावर उपाशी थोडंच जायचं? मामाने बसमधल्या एका प्रवाशाची नक्कल केली, ती फार छान वठली. नर्सताईने पातेलं मोरीत उपडं केलं, घासलं आणि आपलं म्हणून सोबत नेलं. चष्मेवाल्याची बायको खुर्चीत बसून होती. नाकावरचा ठिपका पुसायचं कुणालाच सुचलं नाही.

मुलगा आणि सून निघाले तेव्हा चष्मेवाला कठड्याला धरत चारही मजले त्यांच्या मागोमाग उतरला.

"मग आम्ही कधी येऊ?"

"कुठे?" मुलाने विचारलं.

"तुमच्याकडे. आता चुलीची अडचण नाही राहिली."

मुलाने बायकोकडे पाहिलं. सून म्हणाली, "बाबा, आईंना आता नवी जागा कशी मानवणार? अशा माणसाला ओळखीचंच घर लागतं. आणि घटकाभरही एकटं सोडायचं नाही हं त्यांना. तुम्ही वर जा बघू. आत्तासुद्धा एकट्याच आहेत."

"डब्याचं मी बघतो," मुलगा म्हणाला. चालताना त्याचा खिसा खुळखुळत होता.

चष्मेवाला वर चढला. दर मजल्यावर थांबला.

डबा दोन वेळा येतो. तिच्यापुढे सरकवून चष्मेवाला म्हणतो, "मीठ कमी आहे." ती जेवत राहते. तो बाहेर गॅलरीत गेला तर तीही उठून दाराशी येते आणि त्याच्याकडे बघत उभी राहते, कारण मुलाने दोघांनाही बजावलंय: एकमेकांना एकटं सोडायचं नाही.

मुलाच्या मागच्या खोलीत सुनेने आपल्या पार्लरची खुर्ची जमिनीत बोल्ट ठोकून बसवली, त्याला सणाच्या दिवशी दोन महिने होऊन गेले होते.