पाचव्या गच्चीवरचा तारा

विज्ञानात एकाचा शब्द शंभरांना भारी पडू शकतो, असं सर नेहमी सांगत आणि त्यांचं आकाशदर्शन मंडळ माना डोलवी. तो एक म्हणजे सर, याबद्दल मंडळात दुमत नव्हतं.

लॅबवाल्या बाईंनी गच्चीवर दुर्बीण रोखली आणि फोन बंद केला. निरीक्षण चालू असताना दुसऱ्याला काय दिसतंय ते ऐकायचं नाही, हा नियम सरांचाच. आज मोडलाही त्यांनीच. एकोपा राहावा म्हणून सगळ्यांना एकाच कॉलवर बोलावलं होतं.

सात बेचाळीसला एक लघुग्रह पश्चिमेला खाली असलेल्या एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ज्याच्या गच्चीवरून त्याची सावली सरकेल त्याला तारा चार सेकंद विझलेला दिसणार. नऊ गच्च्या, दोन-दोन किलोमीटरवर. नऊ जणांनी मोजलेल्या सेकंदांवरून त्या दगडाचा आकार काढायचा आणि देशभरचे अहवाल तपासणाऱ्या केंद्राला कळवायचा. बाईंची गच्ची पाचवी, बरोबर मधली. तारा विझला की रेकॉर्डरमध्ये ‘गेला’ म्हणायचं, परत दिसला की ‘आला’.

बाई दोन मिनिटं नुसतं ‘आहे, आहे’ म्हणत राहिल्या. वाळलेले कपडे काढायला आलेला नवरा जिन्यातच थबकला.

“कोण आहे? मी नंतर येऊ का?”

बाईंनी डोळा न हलवता त्याला हातानेच गप्प केलं. पावणेआठला फोन चालू केला, तो वाजलाच.

“बाई, किती सेकंद?”

“गेलाच नाही, सर.”

“असं कसं? मी ‘गेला’ म्हटलं आणि सातही जण एका सुरात ‘गेला’!”

“तुम्ही म्हटल्यावर?”

“तुमचा डोळा मिटला असेल.”

“चार सेकंद मिटला तर त्याला झोप म्हणतात.”

सरांनी आवाज खाली आणला. “हे बघा, आकृती जवळजवळ तयार आहे. तुमच्यामुळे तिच्या पोटाला भोक पडतंय. चार लिहून टाका.”

“नाही.”

“बरं, साडेतीन.”

बाईंनी तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं होतं. ‘काही आढळले नाही’ हे शब्द त्यांनी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिले असतील. ते बदलून मागणारेही येत. त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं जाई. काही जण बंद होईपर्यंत बसत.

“सर, अहवाल मी केंद्राकडे परस्पर पाठवते.”

“दुर्बीण मंडळाची आहे, बाई.”

“उद्या आणून देते. पुसून.”

नवऱ्याने कपड्यांचा ढीग कठड्यावर ठेवला. “अगं, पाच वर्षं नंबर लावून मिळालेली ना ती?”

“सहा,” बाई म्हणाल्या आणि भिंगावरचं झाकण शोधू लागल्या. ते त्यांच्या दुसऱ्या हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या रिक्षाने दुर्बीण घेऊन सरांच्या गच्चीवर पोहोचल्या. सरांनी तिपाई उगाच दोनदा उघडून मिटली.

“अहवाल अजून मागे घेता येईल. मग ही तुमच्याकडेच राहू दे.”

खालच्या बेकरीची संध्याकाळची भट्टी पेटली होती. धुराचा एक जाड झोत कठड्यावरून वर आला, पश्चिमेचं आकाश क्षणभर पुसून विरून गेला. बाईंनी मनगटावरचं घड्याळ सरांपुढे धरलं. सात बेचाळीस.

सरांनी ते पाहिलं. मग तिपाई तिसऱ्यांदा मिटली.

“पावती देऊ?” त्यांनी विचारलं.

“द्या.”

तीन महिन्यांनी केंद्राचा निकाल आला. आलेले अहवाल नऊ, ग्राह्य एक. लघुग्रहाचा आकार अज्ञात. सुधारित गणितानुसार सावली त्या संध्याकाळी दोनशे किलोमीटर दूर, समुद्रावरून गेली होती. तिथे कुणीही नव्हतं.

दुर्बीण सरांच्या कपाटावर आहे.