शेवटची जांभळी छटा

प्रयोगशाळेत भाऊंनी तोटी किंचित सैल केली, आणि रेघा आखलेल्या उंच काचनळीतून येर्बा माते या दक्षिण अमेरिकी चहाचा काढा चंबूतल्या जांभळ्या द्रावणात थेंबथेंब पडू लागला. डोळे चंबूवर, पण कान सगळे शेजारच्या बेसिनकडे. तिथे मावशी बाटल्या धूत होत्या.

"अगंबाई! गेला बघा जांभळा!" मावशी म्हणाल्या.

भाऊंनी चटकन तोटी बंद केली, भिंग धरून नळीवरचा आकडा वाचला आणि वहीत उतरवला. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. भाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! गडद जांभळा दिसायचा, पण शेवटची फिकट छटा कधी उडते ते काही केल्या कळायचं नाही, आणि सगळी मदार तर त्या छटेवरच. ऑपरेशन करून घ्यावं म्हणाल, तर डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटायचा. मावशींना मात्र अकरा वर्षांत या गमतीचा कंटाळा आला नव्हता. हल्ली रंग उडाला की त्या "अगंबाई" म्हणायच्या, आणि भाऊंचा हात थांबायचा.

"पण भाऊ, हा रंग जातो कुठे हो?"

"पानातले अँटिऑक्सिडंट त्याला खाऊन टाकतात. शरीराचंही तसंच म्हणतात. पेशींना गंजवायला जे येतं, त्याला हे वाटेतच गाठतात आणि स्वतः खर्ची पडतात."

"म्हणजे दुसऱ्यावरचं स्वतःवर घेतात." मावशींची नजर भट्टीतून काढलेल्या मुशीकडे गेली. तीच पानं जळून तळाशी चिमूटभर राख उरली होती. "आणि हे?"

"हे खनिज. पोटॅशियम, मॅग्नेशियम, मँगनीज, जरासं लोह, जस्त. भट्टीलाही जाळता आलं नाही ते. झाडाच्या मुळांनी मातीतून ओढून पानात आणून ठेवलेलं."

"बाई बाई बाई! एवढ्याशा पानात अख्खी जमीन!"

ओले हात पुसायचंही त्यांना सुचेना. भाऊंच्याही अंगावर काटा आला. तीस वर्षं अशी राख तोलली होती त्यांनी, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात प्रयोगशाळाप्रमुख मॅडम आल्या. प्रयोगशाळेत रंग आपोआप मोजणारं नवं यंत्र बसलं होतं. मॅडमनी आणलेल्या नव्या काढ्याचा यंत्राने दिलेला आकडा त्यांच्या हातातल्या कागदावर होता, आणि भाऊंचा आकडा त्याच्याशी त्यांच्यासमोर जुळवायचा होता. जुळला नाही, तर भाऊंच्या सहीला यापुढे कोण विचारणार?

"मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. भाऊंचं लक्ष नको उडायला."

दार लागलं. भाऊंनी तोटी सैल केली. थेंब पडत राहिले. जांभळा, कमी जांभळा, मग नुसतंच धुरकट. गेला? की आहे अजून? अंदाजाने तोटी बंद करावी, झालं. नशिबाने जुळलाही असता. पण वहीत अंदाजाचा आकडा त्यांनी जन्मात कधी लिहिला नव्हता.

त्यांनी हात मागे घेतला. "मॅडम, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

"मग हे सगळे आकडे?"

"मावशींचे. त्या चकित झाल्या की मी थांबतो. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही."

मॅडमनी वही पुढे ओढून मागची पानं चाळली. मग स्वतः जाऊन त्यांनी दार उघडलं आणि मावशींना आत बोलावलं.

नवा चंबू ठेवला. मावशी बेसिनपाशी उभ्या राहिल्या. थेंब पडू लागले. खोलीत दुसरा आवाज नाही.

"अगंबाई!"

तोटी बंद. मॅडमनी वाकून नळी वाचली. "सतरा पॉइंट चार." मग कागद उलगडला, आणि तो तसाच भाऊंच्या भिंगाखाली सरकवला. सतरा पॉइंट चार.

"जपून ठेवलेले जुने नमुने यंत्रावर तपासून घेऊ. आणि भाऊ, उद्या आधी डोळ्यांचा दवाखाना. मग काम," एवढंच म्हणून मॅडम गेल्या. जाताना दारातून चंबूकडे पुन्हा एकदा बघून घेतलं त्यांनी.

भाऊ स्टुलावर बसले. "मावशी, माफ करा. तुम्हाला अंधारात ठेवून तुमच्या 'अगंबाई'वर दोन वर्षं नोकरी केली मी."

मावशी चंबू विसळायला लागल्या. "आधीची नऊ वर्षं मी ते मनातच म्हणायचे, भाऊ. एक दिवस रंग उडून गेला तरी तुम्ही आपले थेंब सोडताच आहात, असं दिसलं. तेव्हापासून मोठ्याने म्हणायला लागले."

भाऊंनी भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, "म्हणजे इतके दिवस ते नवल वाटणं खोटंच?"

"छे हो! ते खोटं कसं आणता येईल?" मावशींनी धुतलेला चंबू खिडकीच्या उजेडात धरला. "आवाज तेवढा तुमच्यासाठी होता."