एकदाच विचारायचं

मेरेरिद आमच्या शेजारी राहायला आली ती १९८४ साली. अमेरिकेतल्या हर्नडनला तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला मक्याचं शेत होतं. ती वेल्सची, मी सांगलीची. पहिल्या दिवशी मी तिला चहा विचारला. नको म्हणाली. पुन्हा विचारलं, तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बरं, अर्धा कप," आणि दोन कप प्यायली. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बाकी अमेरिकेत एकदा नको म्हटलं की विषय संपतो. पहिल्या वर्षी मी कितीतरी घरांतून उपाशी परत आले होते.

मेरेरिदने तरुणपणी वेल्श भाषेत एक कादंबरी लिहिली होती. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा तिच्याकडेच होत्या. गोष्ट पुढच्या काळातली. सरकारने कायदा केलेला असतो की कुणालाही काहीही एकदाच विचारायचं. जेवण, औषध, घर, काहीही. जे उत्तर येईल ते पक्कं. "खरंच नको?" असं म्हणणाऱ्याला तुरुंग. जुन्या वळणाची एक म्हातारी डोंगरातून शहरात येते. तिला भाकरी विचारतात, ती रीतीप्रमाणे नको म्हणते. पांघरूण विचारतात, नको म्हणते. हिवाळा संपेपर्यंत म्हातारीही संपते.

मी ही गोष्ट माझ्या नवऱ्याला, नरेंद्रना सांगितली तेव्हा ते हसतच सुटले. ते नागपूरचे. "एकदाच विचारणारं सरकार? पुण्याचं असणार!"

मेरेरिदला मी हा विनोद समजावून सांगितला. ती म्हणाली, "माझं पुस्तक कळलेला हा पहिला पुरुष."

मग दर गुरुवारी दुपारी ती एक पान वेल्शमध्ये वाचायची, इंग्रजीत सांगायची आणि मी ते मराठीत उतरवायचे. अकरा वर्षं लागली. सात वह्या झाल्या. तिची मुलगी नेरिस वेल्श शिकली नाही आणि माझ्या मुलीला, अनयाला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तक आमच्या दोघींपुरतंच राहिलं. पुढे तिचा नवरा गेला, नंतर नरेंद्र गेले. गुरुवार तेवढा राहिला.

गेल्या जानेवारीत मेरेरिदला स्ट्रोक आला. इंग्रजी गेलं, वेल्श राहिलं. मी जन्मभर पॅथॉलॉजीत काम केलं आहे, असं होतं हे मला माहीत होतं. माहीत असल्याने काही फरक पडला नाही. गुरुवारी मी जायचे, ती बोलायची, मी मान हलवायचे.

मार्चमध्ये नेरिस पार पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडहून आली. आईने या घरात बाई ठेवून राहायचं, की रेडमंडला तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जायचं, हे ठरवायचं होतं. केसवर्कर बाई फॉर्म घेऊन आली. फोनवर दुभाषा होता, कार्डिफचा. मेरेरिद रेडमंडला गेली तर माझ्या आठवड्यात काही उरत नव्हतं, हे मी कुणाला बोलले नाही.

दुभाष्याने विचारलं, तुम्हाला या घरात राहायचं आहे का?

"ना, दिम दियोल्ख," मेरेरिद म्हणाली. एवढं वेल्श मला येतं. नको, आभारी आहे.

केसवर्करने पेन उचललं.

"थांबा," मी म्हणाले. "पुन्हा विचारा."

"मॅम, शी आन्सर्ड."

"ती पहिल्यांदा नेहमी नकोच म्हणते. चहालासुद्धा."

नेरिस म्हणाली, "मावशी, हा चहा नाहीये."

"तू लहानपणी आमच्याकडे जेवायला यायचीस तेव्हा पोळी एकदा विचारून वाढायचे का मी?"

"नाही. नको म्हटलं तरी वाढायचीस. माझं पोट दुखायचं, मावशी."

तरीही तिने केसवर्करला विनंती केली. दुभाष्याने पुन्हा विचारलं. मेरेरिद पुन्हा नको म्हणाली.

"आता पेशंटवर प्रेशर येतंय," केसवर्कर म्हणाली. वाईट नव्हती ती, तिचं काम करत होती.

"शेवटचं," मी म्हणाले. "मी विचारते."

मी मेरेरिदच्या समोर स्टूल ओढून बसले. इंग्रजीत विचारलं, या घरात राहशील का, मी आहे इथे. फोनवरच्या माणसाने ते वेल्शमध्ये सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. माझा हात धरला, डाव्या हाताने, उजवा उठत नव्हता.

"ना, पद्मिनी," ती म्हणाली. मग नेरिसकडे बघत आणखी काहीतरी.

दुभाषा म्हणाला, "त्या म्हणतात, मुलीजवळ जायचंय."

नेरिस रडायला लागली. मला रडू आलं नाही. तीनदा विचारून झालं होतं. चौथ्यांदा विचारायची रीत आमच्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही.

"सॉरी, मावशी."

"सॉरी कसलं? बरं झालं," मी म्हणाले. "फॉर्म भरा."

केसवर्करने चौकोनात खूण केली.

शनिवारी त्या गेल्या. मी डलेस विमानतळावर सोडायला गेले नाही. एप्रिलमध्ये घर विकलं गेलं. आता तिथे हैदराबादचं एक तरुण जोडपं आहे, चांगली आहेत दोघं.

नेरिस रविवारी फोन करते आणि आईच्या कानाला लावून देते. मेरेरिद वेल्शमध्ये बोलते. सुरुवातीला मी इंग्रजीत बोलायचे, आता मराठीतच बोलते. भाजी कुठली केली, गुडघा कसा आहे, असलंच. दहाएक मिनिटं आम्ही दोघी बोलतो. मग नेरिस फोन घेते आणि सांगते, इथे पाऊस आहे.