भिंगापुढचा तळहात

त्या खोलीत लोखंडाला थारा नव्हता. भिंती लाकडाच्या, खिळे तांब्याचे आणि मधल्या दगडी खांबावर उभा असलेला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तोही पितळेचा. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं तर जवळची एक टाचणीसुद्धा घोटाळा करते. म्हणून पुतणी रोज घड्याळ, केसांतल्या पिना, बकलाचा पट्टा असं सगळं दाराबाहेर काढून आत यायची. काका तिथले प्रमुख. त्यांनीच तिला कामाला लावलं होतं, आणि नोकरी पक्की व्हायची तीही त्यांच्याच शब्दावर.

आधी सूर्यावरून खरी उत्तर दिशा ठरवायची, मग चुंबकाची सुई तिच्यापासून किती ढळते ते बघायचं, असं काम. सूर्य बघायला दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर काळी काच लागते. जुनी फुटली होती. नवी आली ती पोलादी कड्याची. होकायंत्राजवळ नेताच सुई गर्रकन तिच्याकडे वळली. वर मापाला सैल! ऐन बघताना गळून पडली तर कुणाच्या नावाने खडे फोडायचे? पुतणीने ती परत पाठवली. बदली काच दुसऱ्या दिवशी यायची होती.

पण काकांना धीर कसला निघतोय! त्यांनी खिशातून बटणाएवढी काळी काच काढली आणि डोळा लावायच्या टोकाला बसवली.

"घे, बघ."

"नाही बघणार. सगळं ऊन भिंगातून गोळा होऊन नेमकं या काचेवर येतं. तडकली की डोळा गेलाच."

"आम्ही जन्मभर अशीच लावली."

"म्हणून मीही लावायची?"

"शिकलीस काय आणि शेफारलीस काय! नोकरी पक्की व्हायला हवीय ना?"

नोकरी तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण डोळा गहाण ठेवून नव्हे.

"सरक," म्हणत काका स्वतःच वाकले. तिने झटकन पुढच्या भिंगासमोर तळहात आडवा धरला.

वाकताना त्यांनी नेहमीसारखा डावा डोळा लावला होता. सगळी कामं उजव्या हाताने करणारा माणूस, पण दुर्बिणीला डोळा मात्र डावा. आजवर ती याला खोड समजत आली होती.

"काका, उजवा का नाही लावत?"

"मोतीबिंदू आहे त्यात."

"मोतीबिंदू काढता येतो. इतकी वर्षं का नाही काढलात? की अशीच एखादी काच तडकली होती?"

काकांनी आवाज चढवला. "हात काढ. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिचं डोकं फिरलं. एक हात तसाच ठेवून दुसऱ्याने तिने ती छोटी काच ओढून काढली, फरशीवर टाकली आणि चपलेखाली चिरडली.

"अगं ए! आता कशातून बघू मी?"

"उरलाय त्या डोळ्याने माझ्याकडे बघा. आणि सांगा, माझाही एक घालवायचाय का तुम्हाला?"

काका बघत राहिले. मग खाली बसले आणि फरशीवर चाचपत काचेचे तुकडे वेचू लागले. तीही वेचायला वाकणार होती. पण दुर्बिणीच्या तोंडावर अजून ऊन होतं. तिने हात हलवला नाही.