अब्यार अलीला न थांबणारी गाडी

मदिनेच्या स्टेशनातून गाडी हलली आणि फौजियाने लहान पोरीसारखं खिडकीला नाक लावलं. तिच्या नवऱ्याने, अबू तलालने, उभा जन्म यात्रेकरूंची बस मक्केला नेली. स्टिअरिंगवरून तो मोठ्याने 'लब्बैक', म्हणजे 'देवा, मी हजर आहे', सांगायचा आणि अख्खी बस त्याच्यामागून म्हणायची. त्या बसमध्ये बायको मात्र कधीच नव्हती. जोडीने उमऱ्याला, मक्केच्या छोट्या यात्रेला, निघायचा योग आज आला होता, तोही या वाऱ्यासारख्या गाडीतून!

"अहो, इहराम कधी नेसणार?" तिने विचारलं. बाकीचे पुरुष घरूनच दोन पांढरी वस्त्रं गुंडाळून आले होते. हे गृहस्थ आपले कडक इस्त्रीच्या अंगरख्यात.

"अब्यार अलीला गाडी थांबली की, अंघोळ करून. मला शिकवू नकोस, उम्म तलाल."

पाणी वाटणारी मुलगी हसली. "काका, ही बस नाही. ही तिथे थांबत नाही. आलंच बघा आता."

अबू तलालचा चेहरा खर्रकन उतरला. अब्यार अली म्हणजे यात्रेची वेस; इहरामाशिवाय ती ओलांडली, तर त्याला मागे फिरावं लागणार आणि काबाभोवती फौजिया एकटीच फिरणार.

"बघत काय बसलात? उठा!" तिने पिशवी ओढली आणि त्याला अक्षरशः ढकलत शौचालयात कोंबलं. एरवी जिन्यावर कुरकुरणारे तिचे गुडघे आज चक्क धावले.

आतून धडपड ऐकू आली. "कंबरपट्टा कुठाय?"

"खजुरांच्या डब्याखाली!"

"डबा सांडला!"

"सांडू दे!"

वेस जवळ आल्याची सूचना झाली. गाडीच्या डब्यात लब्बैकचा एकच गजर उठला. फौजियाला वेगळं काही नेसायचं नव्हतं, नुसती यात्रेची नियत करून लब्बैक म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला, तो तिने गिळला.

"तू म्हण!" तो आतून ओरडला. शौचालयात त्याला स्वतःला देवाचं नाव घेता येत नव्हतं. "माझ्यापायी तुझंही चुकेल!"

"इतकी वर्षं थांबले, आता घाई कसली? बाहेर या आधी!"

दार उघडलं. वस्त्र तिरकं, केस उभे, टाचेला चिकटलेला खजूर. तिला तो लग्नातल्यापेक्षा देखणा दिसला.

"अब्यार अली अजून गेलं नाही, म्हणा लवकर!" मुलगी ओरडली.

"लब्बैक..." अबू तलालने सुरुवात केली. हजारोंना म्हणायला लावणाऱ्या माणसाच्या तोंडून पुढचे शब्द फुटेनात. मग ते फौजियाने मोठ्याने म्हटले आणि तो तिच्यामागून म्हणत गेला.