गुडघ्यांपर्यंत वारसा

वारसा समिती आणि बिल्डर बरीच वर्षं भांडले आणि शेवटी समजूतदारपणे जुनी इमारत वाटून घेतली. पुढची भिंत इतिहासाला, मागचं सगळं टॉवरला. इंजिनिअरने प्रत्येक खोलीत लाल रेघ मारली. टेलरमास्तरांच्या खोलीत ती पलंगापर्यंत आली, अडली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली.

पलंगावर मास्तरांची बायको होती. ती आता उठणार नव्हती. डॉक्टरांनी तसं जिन्यात, हळू आवाजात सांगितलं होतं. तिचं मागणं एकच. जायचं ते इथूनच, या खिडकीशी, रस्ता बघत.

"माझं काय काय वाचलं हो?" तिने विचारलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. "डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत वारसा. खालचं पाडणार."

"पाडू देत. मेले दुखतच होते."

"शिंपीसुद्धा शिवणीत दोन बोटं माया सोडतो," मास्तर करवादले. "यांनी थेट रेघेवरच कात्री धरली."

मग त्यांनी टेप काढली, माप घेतलं आणि पलंग फिरवून खिडकीच्या भिंतीला आडवा लावला. बायको अख्खीच्या अख्खी वारशात बसली. इंजिनिअर आला, डोकं खाजवत उभा राहिला. "काका, रेघेच्या अलीकडे आमचं काही चालत नाही. मी मागून पाडायला घेतो. इथवर यायला वेळ लागेल. राहा निवांत."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग समितीच्या बाई पाहणीला आल्या. फार हळव्या बाई. चौकटीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात नजर खाली गेली.

"काका, पलंग घासतोय भिंतीला. गिलावा जुना आहे हो."

"ही पण जुनीच आहे."

"कळतंय मला. पण माणसं आमच्या खात्यात मोडत नाहीत. श्वासाच्या दमटपणानेसुद्धा रंग सुटतो."

"मी कमीच घेते, बाई," पलंगावरून आवाज आला. "थोडे दिवस थांबलात तर तेवढाही घेणार नाही."

बाई जिन्यात जाऊन रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी खोली रिकामी करायचा हुकूम काढला.

तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. बिल्डरने दिलेल्या उंचावरच्या नव्या जागेची खिडकी उघडत नव्हती. ती उघडायची नसते, असं रखवालदाराने समजावून सांगितलं.

"रस्ता कुठल्या अंगाला आहे हो?"

"खाली. फार खाली."

तिने भिंतीकडे कूस वळवली. त्याच आठवड्यात गेली.

इकडे मागचं सगळं पाडून झालं आणि भिंत लोखंडी टेकूंवर एकटीच उभी होती. खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते बघवेना. बाई मास्तरांकडे आल्या. "पडदे शिवून द्या, काका. आत कोणीतरी राहतंय असं वाटलं पाहिजे. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?"

मास्तरांनी शिवून दिले. त्या एका खिडकीचा पडदा मात्र वीतभर वरच संपला.

"काका, हा तोकडा झालाय."

"नाही. तिला रस्ता दिसायला हवा."

बाईंना पुन्हा रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या टेलरकडून पूर्ण मापाचा शिवून घेतला.